रिकाम्या छिद्रांचा दगड

माझ्या शेजारच्या सीटवर बसले की अण्णांचा उजवा पाय ब्रेक मारतो. तिथे ब्रेक नसतो, नुसती रबरी मॅट असते. पण उतार लागला किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की त्यांच्या चपलेचं टोक त्या मॅटमध्ये रुतलंच. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं, निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पायाला मात्र निवृत्तीचं पत्र अजून पोचलेलं नाही.

नाशिक-पेठ, नाशिक-जव्हार आणि मधली काही वर्षं वणीवरून सापुतारा, अशा त्यांच्या ड्युट्या. म्हणजे सावळघाट, तोरंगणचा घाट आणि पावसाळ्यात चार महिने धुकं. 'अण्णा कुठे आहेत?' या प्रश्नाला आई एकाच शब्दात उत्तर द्यायची, 'घाटात'. मावशी पंचवटीत राहायची, ती रोज कपडे धुवायला जायची तीही घाटावरच. लहानपणी बराच काळ मला कोडं पडलेलं असायचं की दोघं एकाच ठिकाणी असताना मावशीला अण्णा कधी भेटत कसे नाहीत.

मागच्या डिसेंबरात आम्ही मॉरिशसला गेलो. धाकटा भाऊ तिथे दोन वर्षांच्या कामावर आहे, 'अण्णांना घेऊन ये' म्हणून सारखा मागे लागला होता. अण्णांची अट एकच. "परक्या ड्रायव्हरच्या गाडीत बसून मी घाट उतरणार नाही. तू चालवणार असशील तर येतो." यात कौतुक किती आणि नाइलाज किती, हे मी विचारलं नाही. पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. वर्षभर चालणारी ती पुस्तिका त्यांनी पुढून-मागून बघितली आणि विचारलं, "घाटात नेऊन टेस्ट नाही घेतली?"

भावाला वळणांच्या रस्त्यांचं वेड आहे. जगातल्या बेटांवरच्या रस्त्यांची यादीच आहे त्याच्याकडे. हवाईतल्या माउई बेटावरचा हानाचा रस्ता, त्याला सहाशेहून जास्त वळणं आणि पन्नासहून जास्त पूल, त्यातले बहुतेक एका वेळी एकच गाडी जाईल एवढे. असलं काही तो जेवताना ऐकवतो. अण्णा ऐकून घेतात आणि म्हणतात, "सहाशे वळणं मोजली कुणी? त्याला गाडी चालवायची नव्हती का?"

मॉरिशसचं बेट लहान, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर. म्हणजे नाशिकहून निघून घोटी, इगतपुरी करत कसारा उतरेपर्यंत तिथला रस्ता संपून समुद्र लागलेला असेल. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे पहिल्या दिवशीची धास्ती अर्ध्या तासात गेली. नंतर राहिली ती सर्कलची. दर थोड्या अंतरावर सर्कल, आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम तिथे लोक खरंच पाळतात. मी मुंबई नाक्याच्या सर्कलवर घडलेली ड्रायव्हर. पहिल्या दोन दिवसांत मी थांबायचं तिथे घुसले आणि घुसायचं तिथे थांबले. मागच्या सीटवरून माझी पोरगी "आई, सॉरी म्हण त्यांना" असं काच वर असताना सांगत होती.

महामार्गाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. चांगला आहे, कॅमेरे आहेत, ११० ची मर्यादा आहे. बघण्यासारखं आहे ते दोन्ही बाजूंच्या उसात. निफाडचा ऊस पाहिलेल्या माणसाला उसाचं काय अप्रूप, असं मलाही वाटलं होतं. पण या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग आहेत. साधे बांध घालतो तसे नाहीत, दोन-दोन माणूस उंचीचे, बाजू रचून काढलेले, देवळाचा चौथरा बांधून वरचं बांधकाम राहून गेलं असावं तसे. जमीन लागवडीला आणताना वेचून काढलेले हे दगड. वेचणारे आधी गुलाम होते, आणि १८३४ पासून पुढे करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर. बिहारचे, तमिळ, तेलुगू, आणि आपल्या कोकणातलेही. पोर्ट लुईच्या बंदरात ते ज्या पायऱ्या चढून आले, त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. अण्णांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "हा तुझ्या मावशीचा घाट. माझा कधी दाखवणार?"

त्यांचा घाट गुरुवारी आला.

सकाळी क्युरपिपवरून दक्षिणेला निघालो. वाटेत गुलमोहर इतका फुललेला, की अण्णा दोनदा म्हणाले, "डिसेंबरात?" आमच्या कॉलेज रोडचा गुलमोहर एप्रिल-मे झाल्याशिवाय पेटत नाही, हे त्यांचं पंचांग. गुलमोहर मुळात शेजारच्या मादागास्करचा. तिथे उन्हाळा डिसेंबरात, म्हणून फूलही डिसेंबरात. आपल्याकडे येऊन त्याने वैशाख धरला. मी भूगोलाची शिक्षिका आहे, असं काही सांगायची संधी मी सोडत नाही. पोरगी कानात इअरफोन घालते ते उगाच नाही.

पहिलं ठिकाण गंगा तलाव. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी, जवळपास नाशिकच्याच उंचीवर. १९७२ मध्ये गोमुखाहून आणलेलं गंगाजल त्यात मिसळलं आणि तेव्हापासून हे नाव. धुक्यात आधी त्रिशूळ दिसला, मग हळूहळू १०८ फुटांचे महादेव. महाशिवरात्रीला अर्ध्या बेटातून लोक इथे पायी येतात, म्हणून रस्ता भलताच रुंद केलेला आहे. काठावर माकडं होती आणि त्यांचं वागणं सप्तशृंगगडावरच्या माकडांइतकंच आगाऊ. अण्णांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. "आपली पण गंगाच," एवढंच म्हणाले. खरं आहे, गोदावरी म्हणणारा नाशिककर मी तरी फक्त वर्तमानपत्रात पाहिलाय. बाकी सगळे 'गंगेवर जाऊन येतो' असंच म्हणतात.

(परदेशात जाऊन घरच शोधत बसायची ही आपली खोड मला एरवी आवडत नाही. विमानातून उतरल्या उतरल्या पोहे कुठे मिळतात ते विचारणारे लोक मी पाहिलेत. त्या दिवशी मात्र खोड बाजूला ठेवायचं म्हटलं तरी जमलं नसतं, त्याचं कारण पुढे येईल.)

तलावापुढे रस्ता प्लेन शाँपान्यच्या पठारावरून जातो. उंची सातशे मीटरच्या वर. दोन्ही बाजूंना राष्ट्रीय उद्यानाचं बुटकं, वाऱ्याने एका अंगाला झुकवलेलं जंगल, मधूनच उघडणारी खोल दरी, तिच्या तळाशी चांदीच्या रेघेसारखा धबधबा. इथपर्यंत मी मजेत होते. शामारेल गाव मागे पडलं, सात रंगांची माती बघून झाली आणि मग रस्त्याने समुद्राकडे तोंड करून खाली उडी घेतली.

काझ नोयालपर्यंतचा हा उतार किलोमीटरात मोजला तर किरकोळ. पण थोडक्या अंतरात सगळी उंची संपवायची असल्यामुळे वळणं केसाच्या पिनेसारखी एकावर एक रचलेली आहेत. रस्ता अरुंद, कडेला उघडी गटार, आणि वळणावळणाला झाडांच्या फटीतून खाली निळं-हिरवं पाणी, त्यात बेनितिये बेटाचा लांबट तुकडा आणि पलीकडे ल मॉर्नचा डोंगर. बघावं तरी पंचाईत, न बघावं तरी पंचाईत. त्यात भाड्याची गाडी ऑटोमॅटिक.

या गाडीशी अण्णांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. "हिला गिअर नाही? मग उतारावर हिला धरणार कोण?" मी म्हटलं होतं, ब्रेक आहे ना. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं ते फक्त उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरकडे पाहत असणार.

चौथ्या की पाचव्या वळणाला वास आला. जळल्याचा, नाकात चरचरणारा. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "लायनर तापले. पुढे जागा दिसेल तिथे घे." त्यांच्या आवाजात घाई नव्हती. घाई त्यांच्या पायात होती, मॅट पार गोळा झाली होती. पॅडल नेहमीपेक्षा जरा खोल जायला लागलं होतं आणि माझ्या तळहातांना घाम सुटला होता. पुढच्या वळणावर डाव्या हाताला गाडीभर मोकळी जागा होती. गाडी तिथे घातली, पी मध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. अण्णा माझ्या आधी उतरले. इकडेतिकडे बघून त्यांनी एक काळा दगड उचलला आणि पुढच्या चाकाला खालच्या अंगाने लावला. वयाच्या पंचाहत्तरीत, परदेशात, पांढऱ्या लेंग्यावर.

पोरगी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाली तशी ते ओरडले, "पाणी नको मारू! तापलं लोखंड तडकतं. गार होऊ दे त्याचं ते." मग तिला समजावून सांगितलं. सतत दाबून ठेवला की ब्रेक तापतो, ब्रेकच्या नळीतलं ऑइल उकळायला लागतं, त्यात वाफ धरते, आणि वाफ दाबली तर दबते, म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून घाट चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवायचा, इंजिनालाच गाडी धरू द्यायची. ब्रेक चिमटीत घ्यायचा आणि सोडायचा. "तुझ्या आईला हे मी सावळघाटात शिकवलंय. गिअर दिसला नाही की विसरली."

खरंच विसरले होते. गिअरच्या दांड्यावर डी च्या खाली एल, म्हणजे खालचा गिअर, होता, इतके दिवस तो तिथे कशाला आहे याचा मी विचारही केला नव्हता.

गार व्हायला वीस मिनिटं तरी लागणार होती. बसायला काही नव्हतं, म्हणून मी चाकाजवळ उकिडवी बसले आणि त्या दगडाकडे बघत राहिले. काळा, घट्ट, आणि छिद्रांनी भरलेला. मसुराएवढी, वाटाण्याएवढी छिद्रं. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यांच्या या खुणा. असा दगड मी जन्मापासून ओळखते. पांडवलेणी याच्यात कोरलीत, काळारामाचं देऊळ याचंच बांधलंय. पण आमच्या दगडातली छिद्रं सहसा भरलेली असतात. पांढरी, कधी हिरवट, फोडली तर आत सुईसारखे स्फटिक. लाखो वर्षं पाणी झिरपत राहतं, खनिजं आणून त्या पोकळ्यांत ठेवतं. सिन्नरला तर या गारगोट्यांचं संग्रहालयच उभं राहिलंय. हातातल्या दगडाची छिद्रं रिकामी होती. करंगळीचं नख आत जात होतं.

दख्खनच्या पठाराचा धडा मी बावीस वर्षं शिकवते आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले, पायऱ्या झाल्या. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' हा शब्दच मुळी जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. फळ्यावर हे सगळं लिहायचं, आकृती काढायची, पुढचा तास. धड्यात न येणारी गोष्ट अशी की ती भट्टी विझली नाही. पृथ्वीच्या पोटात ती आपल्या जागी राहिली आणि वरचं कवच तिच्यावरून सरकत गेलं. हिंदुस्थान उत्तरेला निघून गेला, त्याच्या मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस असे ठिपके उमटत गेले, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आणि आता ती भट्टी दोन-सव्वादोनशे किलोमीटर पलीकडे रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून ओकतो. हे मला माहीत होतं. चाकाखाली लावलेला दगड पाहीपर्यंत ते फक्त माहीत होतं.

अण्णांना सांगितलं. त्यांनी दरीकडे बघत ऐकलं.

"म्हणजे डेपो जागेवर आणि गाड्या सुटत गेल्या."

"हो."

"आणि आपली पहिली गाडी."

पहिली की त्याआधीही काही सुटल्या होत्या, यावर शास्त्रज्ञ वाद घालतील. मी घातला नाही.

निघताना ते वाकून तो दगड काढायला लागले. मी म्हटलं, अण्णा, राहू दे. "रस्त्यात दगड टाकून जाणारा ड्रायव्हर नसतो," असं म्हणत त्यांनी तो गटारीच्या पलीकडे, होता तिथे नेऊन ठेवला. गाडी एल मध्ये टाकली. इंजिन रडल्यासारखं ओरडलं आणि गाडी आपली आपण सावकाश उतरायला लागली. दोन वळणांनंतर खालून बस वर येताना दिसली. चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम मला सांगावा लागला नाही. मी कडेला दाबून थांबले. बस शेजारून घरघरत गेली, तिच्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचा हात वर केला आणि अण्णांनी लगेच उत्तरादाखल हात वर केला. मग मान वळवून बसच्या पाठीकडे बघत राहिले. "लेलँड आहे," म्हणाले. आवाजावरून ओळखली होती. तिथे अशोक लेलँडच्या बस पुष्कळ आहेत, नंतर रोज दिसल्या. त्या दिवशी दिसलेली पहिली होती, आणि माणसाला शाळेतला वर्गमित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

खाली उतरल्यावर किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. एका झाडाखाली म्हातारबाबा लिची आणि अननस विकत होते. अननसाला मिरची-मीठ लावून देतात, पोरगी तीन खाऊन गेली. आमचं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "तुमी मराटी?" मराठी त्यांच्या तोंडात अर्धीमुर्धीच उरली होती, वाक्य सुरू मराठीत व्हायचं आणि संपायचं तिथल्या क्रिओल बोलीत. त्यांचं आडनाव म्हणजे त्यांच्या पणजोबांचं नाव. बोटीवरून उतरताना कारकुनाने जे लिहून घेतलं ते घराण्याला चिकटलं. तिथल्या कितीतरी मराठी घरांचं असंच झालंय. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते, कोकणातल्या जाखडीची झाकरी होऊन ती अजून नाचली जाते. अण्णांनी विचारलं, गाव कुठलं? ते म्हणाले, "रत्नागिरी." पुढचं त्यांना सांगता येईना. थोडा वेळ दोघं लिचीच्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मग म्हातारबाबांनी मूठभर लिची वजनाबाहेर पिशवीत टाकली.

दक्षिण किनाऱ्याचा रस्ता हा तिथल्या सगळ्या रस्त्यांत सुंदर. तो अवघड नाही, फक्त समुद्राच्या फार जवळ आहे. काही ठिकाणी कठडाही नाही, लाट जरा मोठी असती तर टायर भिजले असते. ल मॉर्नचा ५५६ मीटरचा कडा बराच वेळ मागे दिसत राहतो. पळून गेलेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपत. सांगतात की १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा पकडायलाच आलेत असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. बे द्यु कापजवळ माकोंदेला रस्ता एका काळ्या खडकाला वळसा घालतो. तिथे वर चढून बसता येतं. याच खाडीत १८०३ च्या डिसेंबरात मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी गळकं जहाज घेऊन आला. ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालून मायदेशी निघालेला माणूस. बेट तेव्हा फ्रेंचांचं, युद्ध चालू. दुरुस्तीपुरता थांबलेला तो १८१० पर्यंत सुटला नाही.

अण्णांनी नैऋत्येकडे बोट केलं. "तुझा डेपो तिकडे?" मी हो म्हटलं. दिसत काही नव्हतं, नुसतं पाणी.

तिकडे भाऊ एकदा जाऊन आलाय. रियुनियन फ्रान्सचा भाग, गाडी उजवीकडून चालवायची. सिलाओस नावाच्या डोंगरातल्या गावाला जाणाऱ्या रस्त्याला चारशेहून जास्त वळणं, आणि बोगदे इतके चिंचोळे, की आत शिरण्याआधी हॉर्न देऊन वाट बघायची. पण त्याने सांगितलेलं माझ्या लक्षात राहिलं ते दुसऱ्या रस्त्याचं. ज्वालामुखीच्या पायथ्याने किनाऱ्याचा महामार्ग जातो. २००७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा त्याच्यावरून वाहत समुद्रात गेला आणि रस्ता गाडला गेला. गार झाल्यावर त्याच लाव्ह्यावरून नवा रस्ता केला. नंतर कितीतरी दिवस पाऊस पडला की त्या खडकातून वाफ निघायची म्हणे. आपल्या सह्याद्रीत रस्ता करायला खडक फोडतात, तिथे खडक येऊन रस्ता झाकून जातो. भाऊ फोटो दाखवत होता. अण्णा म्हणाले, "त्या रूटला ड्युटी लावताना सिनिऑरिटी बघत असतील."

परत आल्यावर जानेवारीत एका रविवारी त्यांनी स्वतःहून सांगितलं, सावळघाटात जाऊन येऊ. कारण काही दिलं नाही. थंडी होती, पेठच्या बाजूला डोंगर सुकून तपकिरी झाले होते. घाटात एका रुंद जागी मला थांबायला लावलं आणि काठी टेकत रस्ता कापलेल्या दरडीपाशी गेले. पावसाने सुटलेले दगड खाली पडले होते. त्यातले दोन-तीन त्यांनी काठीने उलटे केले. चौथा उचलून माझ्याकडे आणला. छिद्रंच छिद्रं, सगळी पांढऱ्याने भरलेली, एखाद्-दुसरं उन्हात चमकणारं.

"एकतीस वर्षं चाकाला हेच लावत होतो," ते म्हणाले. "बघितलं नाही कधी."

तो मात्र त्यांनी परत ठेवला नाही. पायाशी घेऊन बसले. मी दुसऱ्यात गाडी टाकून उतरायला लागले. त्यांचा उजवा पाय दगडाच्या बाजूने मॅटवर दाबला जात होताच. खालून लालपरी आली, मी कडेला दाबून तिला वाट दिली. ड्रायव्हरने हात वर केला. माझा हात वर जायच्या आत अण्णांचा गेला होता, आणि तो पोरगा हसला तेही त्यांच्याकडेच बघून. गाडी मी चालवते आहे हे त्याच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे.